बिअर साबण
थंड पद्धतीने साबण करताना पाण्याऐवजी बिअर वापरून केलेला घरगुती साबण. खोबरेल, ऑलिव्ह यांसारखी तेले व कॉस्टिक सोडा यांच्या साबणीकरणातूनच तो बनतो. बिअर मुख्यतः द्रावक असते. खरी कसोटी तिच्या पूर्वतयारीत आहे. बिअर आधी उकळून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड घालवतात, मग ती अगदी गार करतात. ताज्या, फसफसत्या बिअरमध्ये सोडा पडला तर दाहक द्रावण उसळून भांड्याबाहेर येते आणि त्वचा, डोळे भाजू शकतात. म्हणून ही पायरी कधीही गाळू नये. हातमोजे व चष्मा घालून सोडा थोडाथोडा बिअरमध्ये टाकावा, सोड्यावर बिअर ओतू नये. माल्टमधील शर्करेमुळे फेस वाढतो, मात्र मिश्रण अधिक तापते आणि वडीला तपकिरी छटा येते. वड्या ४ ते ६ आठवडे सुकवतात.