छापण्यापूर्वींचें काम



साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास, वसईच्या खाडीकांठीं, घोडबंदर वसलेलें आहे. येथें घोड्यांचा व्यापार चाले म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. 1534 सालीं वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला. घोडबंदर मराठ्यांनीं 1737 सालीं जिंकून घेतलें. याच पोर्तुगीजांच्या अमलांत 1556 सालीं गोव्यास मुद्रणयंत्र आलें, आणि हिंदुस्थानांतील छपाईचा आरंभ झाला. परंतु फादर स्टीफन्स यांचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालीं गोव्यांत छापून निघालें, तें रोमन लिपींत. यंत्र होतें, कागद होता, ग्रंथहि सिद्ध होता. नागरी अक्षरांचे खिळे तेवढे नव्हते. छपाईचें निम्में यश यंत्र फिरूं लागण्यापूर्वींच ठरलेलें असतें, तें असें. ही पूर्वतयारी आमच्याकडे कोणी केली, आणि आज ती कोणाच्या माथीं येऊन पडली आहे, याचा आपण विचार करूं.

मुंबईंत अमेरिकन मिशनचें छापकाम पाहून गणपत कृष्णाजी यांस या कलेची ओढ लागली. त्यांनीं स्वतः खटपट करून यंत्र उभें केलें आणि 1831 सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. शिळाछापांत लेखनिकाचें अक्षर हेंच मुद्रण. त्यानें चरबट शाईनें लिहावें, तें शिळेवर उमटावें आणि त्याच्या प्रती निघाव्या. तिथीचा एक आंकडा चुकला, तर जितक्या प्रती तितक्या घरांत तो चुकावयाचा! पुढें जावजी दादाजी यांनीं 1864 सालीं खिळ्यांचा कारखाना आणि 1869 सालीं निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव हातानें घडलेलें तेथील नागरी अक्षर देशभर वाखाणलें गेलें. पण सुंदर खिळा म्हणजे शुद्ध ग्रंथ नव्हे. जुळाऱ्यानें उलट्या अक्षरांचे खिळे एकेक वेंचून जुळवावे, प्रूफ काढावें, आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारख्या संपादकांनीं ग्रंथ शोधावा, तेव्हां कोठें निर्णयसागरची ख्याति झाली.

रंगांची कथाहि अशीच. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 सालीं मुंबईंत निघाला. तेथें चित्रांतील प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा करावी लागे, आणि तोच कागद एकामागून एक अशा अनेक शिळांवर दाबला जाई. एक शिळा केसभर सरकली, कीं ओठांची लाली गालावर गेलीच. कोणता रंग किती भरावा, हें कारागिराच्या डोळ्यानें ठरे.

लेखनिक, जुळारी, प्रूफ तपासणारा आणि रंगांची शिळा करणारा, असे हे चार पहारेकरी ग्राहक आणि यंत्र यांच्यामध्यें उभे असत. संगणकानें या चौघांचें काम एका फाइलींत आणलें. 1993 सालीं पीडीएफ हा फाइलीचा प्रकार निघाला. पान जसें रचलें तसेंच दुसऱ्या यंत्रावर उमटावें, हा त्याचा हेतु. आज घोडबंदरच्या रस्त्यावरील एखाद्या इमारतींत लग्नपत्रिका किंवा गणेशोत्सवाची स्मरणिका घरींच रचली जाते आणि क्षणांत छापखान्यास पोंचते. सोय मोठी खरी. परंतु चारहि पहारे आतां रचणाऱ्यालाच करावयाचे आहेत.

ते कसे करावे? पडद्यावरील रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे असतात. कागदावरचे निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे. म्हणून पडद्यावर झळकणारा भडक निळा रंग कागदावर मंद दिसतो; फाइल आधींच शाईच्या रंगांत पाहून घ्यावी. चित्रास छापावयाच्या आकारांत इंचास सुमारें 300 ठिपके असावे. 900 ठिपके रुंदीचें चित्र 3 इंचांपलीकडे ताणूं नये. पानाच्या कडेपर्यंत रंग जात असेल, तर तो कापावयाच्या रेषेबाहेर निदान 3 मिलिमीटर वाढवावा. नाहींतर कातरतांना कडेस पांढरी रेघ राहते.

सर्वांत नाजूक प्रश्न आमच्या अक्षराचा. 1991 सालीं युनिकोडमध्यें देवनागरीस स्वतःचे क्रमांक मिळाले. त्यापूर्वींच्या धर्तीचे पुष्कळ मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरीत. तो फॉन्ट छापखान्यांत नसेल, तर मजकुराच्या जागीं परकीं चिन्हें उमटतात. युनिकोडचा मजकूरहि नागरी न जाणणाऱ्या प्रणालींत गेला, कीं जोडाक्षरें फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसते. यासाठीं फॉन्ट फाइलींतच अंतर्भूत करावा, किंवा अक्षरांचें रेखाकृतींत रूपांतर करावें. मात्र त्या रूपांतरानंतर काना-मात्रा टंकून सुधारतां येत नाहीं. म्हणून शुद्धलेखन आधीं तपासावें आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

आणि अखेरचें प्रूफ कागदावर काढून, ज्यानें तें रचलें नाहीं अशा माणसाकडून वाचवून घ्यावें. आपल्या हातची चूक आपल्याच डोळ्यास दिसत नाहीं, हें जुने छापखाने पक्कें जाणून होते. यंत्र पूर्वींहून कितीहि वेगवान झालें, तरी तें आज्ञाधारक आहे, शहाणें नाहीं. जें द्याल, तेंच तें हजार वेळां परत करील. क्रिस्तपुराणास नागरी खिळा मिळाला नाहीं; आमच्या हातीं आज नागरीचें सारें साहित्य आहे. तें असतांनाहि पत्रिकेवर घरच्या वडिलांचें नांव फुटक्या जोडाक्षरांत निघालें, तर तो दोष यंत्रास कसा द्यावा?