ओवी सांगणारी, अर्थ लावणारीही

गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की अभ्यासक आधी कागद शोधतो. सनदा, वतनाची दफ्तरे, देवळाचे नाहीतर दर्ग्याचे जुने हिशेब. म्हाताऱ्या माणसांकडे तो सर्वांत शेवटी वळतो. त्यातही म्हाताऱ्या बाया उरतात. त्यांनी माहिती सांगायची आणि शहाण्यांनी तिचा अर्थ लावायचा, अशी ही जुनी वाटणी आहे.

महाराष्ट्रात ही वाटणी मोडणारे एक काम झाले. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉईटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘कोऑपरेटिव्ह रिसर्च’, म्हणजे सहकारी संशोधन, हे शब्द होते. ते नुसते नावापुरते नव्हते. मुळशीसारख्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायाच ओव्या गोळा करू लागल्या. वडीलधाऱ्या बाया ओव्या सांगत, आणि मग एकत्र बसून त्यांच्या अर्थाची चर्चा होई.

ही चर्चा का महत्त्वाची? ओवीतली सीता पोथीतल्या सीतेसारखी नसते. तिचा वनवास हा सासुरवासच असतो. तो ज्यांनी भोगला, त्यांनाच त्या ओळीतला दुखरा शब्द नेमका कोणता, हे ठाऊक. पुस्तकी पंडिताला तिथे भक्ती दिसेल, आणि ती असतेही. पण भक्तीच्या आडून केलेली तक्रार ओळखायला जात्याचा खुंटा हाती धरलेला असावा लागतो.

आमच्या घरातली बोली दखनी. पण नानी पहाटे दळायला बसली की ओवी मराठीतच यायची. मी कवितेला लागलो तो पुढे कॉलेजात. कवितेचा कान मात्र तिथे तयार झाला, असे मला आजही वाटते. नानीला तिच्या ओवीचा अर्थ कधी कोणी विचारला नाही. आणि गावात पिठाची गिरणी आली, तशी जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यात गेली.

असे घराघरांत झाले. म्हणूनच हजाराहून अधिक गावांतून जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचे मोल मोठे. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. लोकसाहित्याला कर्ता नसतो, असे आपण शिकलो. इथे निदान ती जपणारीला नाव मिळाले. फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार बेल यांच्यामुळे त्यांतल्या कित्येकींचा आवाजही राहिला. पॉईटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या वाचकांसमोर येऊ लागल्या. तोवर अनेक गाणाऱ्या बाया हयात नव्हत्या.

हल्ली शाळा-कॉलेजात मुलांना प्रकल्प असतात. आजीची मुलाखत घेऊन मुले चार ओळी लिहितात. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे : लिहिलेले आजीला वाचून दाखवा. ती म्हणेल, ‘असं नव्हे बाळ, असं होतं.’ ती दुरुस्ती करून घ्या आणि मग वर दोघांची नावे घाला. आजीचे आधी.