नानासाहेबांचा शेवटचा मुक्काम

असीरगड सावद्याच्या माणसाला परका नाही. रावेर आणि बऱ्हाणपूर मागे टाकले की सातपुड्याच्या वाटेवर तो आडवा येतो. याच गडाच्या परिसरात ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला ८ लाख रुपयांचा तनखा घ्यायचा, पुण्याचे नाव सोडायचे आणि गंगाकाठी जाऊन राहायचे, असे ठरले. तिथून पेशव्यांचा काफिला कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला गेला. खुद्द सावदा पेशवाईत सरदार रास्ते यांच्याकडे होते आणि रास्ते हे पेशव्यांचे सोयरे. तेव्हा त्या घराण्याचा शेवटचा वारस नेपाळच्या तराईत कसा नाहीसा झाला, ही गोष्ट खानदेशाने दूरची मानण्याचे कारण नाही.

वारस म्हणजे नानासाहेब, धोंडोपंत. जन्म १८२४ मधला, कर्जतजवळच्या वेणगावचा. बाजीरावांनी १८२७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव गेले आणि डलहौसीने तनखा बंद केला. पुढचे सत्तावन्नचे कानपूर सर्वांना ठाऊक आहे. मात्र १५ जुलै १८५७ रोजी बिबीघरात जवळपास २०० बायकामुलांची कत्तल झाली, ही गोष्ट इथे नजरेआड करता येणार नाही. इंग्रजांना इतर पुढारी हवे होते, पण नानासाहेब हवेच होते, ते या कत्तलीमुळे. पुढे पन्नास वर्षे जो संशय टिकला, त्याची मुळी इथे आहे.

नाहीशा झालेल्या माणसाविषयी तर्क करायचा तर कागद आधी नीट लावून घ्यावेत. कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणारा जागेपासून किती लांब होता आणि त्यात त्याचा फायदा काय होता, या चार प्रश्नांनी कागदांचे ढीग वेगळे होतात. नानासाहेबांच्या बाबतीत ही साधी शिस्त न पाळल्यामुळे बराच धुरळा उडाला.

पहिल्या ढिगात पाठलागाचे कागद येतात. १७ जुलै १८५७ ला इंग्रज सेनापती हॅवलॉक कानपुरात शिरला आणि नानासाहेब गंगा उतरून अवधात गेले. १८५८ मध्ये त्यांच्या डोक्यावर १ लाख रुपयांचे इनाम लागले. बरोबर हुलिया निघाला. त्यात गव्हाळ वर्ण, मराठी चेहरेपट्टी आणि पायाच्या बोटावरची खूण नोंदली होती, शिवाय कान कापलेला एक नोकर सतत जवळ असतो, असेही होते. अशी बारीक माहिती फक्त ब्रह्मावर्ताच्या वाड्यात वावरलेला माणूसच देऊ शकतो. पाठलाग करणारे आंधळे नव्हते, हे त्यावरून दिसते. डिसेंबर १८५८ च्या अखेरीस लॉर्ड क्लाइडच्या फौजेने बांकीजवळ बंडवाल्यांना गाठले. तिथून नानासाहेब आणि अवधच्या बेगम हजरत महल राप्ती नदी उतरून नेपाळ हद्दीत गेले. नानासाहेबांबरोबर भाऊ बाळाराव होते, बायका होत्या, बाजीरावांच्या विधवा होत्या. हा लढणाऱ्या टोळीचा मुक्काम राहिला नव्हता. अख्खे घर रानात तंबू ठोकून बसले होते.

दुसरा ढीग लहान आहे, पण सर्वांत मोलाचा, कारण त्यात नानासाहेब स्वतः बोलतात. १८ एप्रिल १८५९ ला शिप्रीला तात्या टोपे फाशी गेले. हेच तात्या पाच महिन्यांपूर्वी पेशव्यांच्या नावाने नर्मदा उतरून खरगोणपर्यंत, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, येऊन गेले होते. त्यांच्या फाशीनंतर दोनच दिवसांनी, २० एप्रिलला, नानासाहेबांचा इश्तिहार निघाला. तो राणी, पार्लमेंट आणि गव्हर्नर जनरल यांना उद्देशून होता. बायकामुलांचा खून आपण केला नाही, तो शिपायांनी आणि बदमाशांनी केला, असे त्यात म्हटले आहे. मेजर रिचर्डसनने उत्तर धाडले की, राणीचा जाहीरनामा सर्वांना लागू आहे, त्याप्रमाणे हजर व्हा. २५ एप्रिलचे नानासाहेबांचे प्रत्युत्तर अधिक करारी आहे. एवढ्यावर आपण येणार नाही. राणीच्या सहीशिक्क्याचे पत्र एखाद्या फ्रेंच अंमलदाराच्या हातून यावे, तर विचार करू. नाहीतर जीव असेपर्यंत लढाई चालूच, असा त्याचा आशय आहे.

या पत्रात मला दोन गोष्टी दिसतात. इंग्रजाच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरलेला नाही, म्हणून त्यांना मध्ये तिसरा माणूस हवा आहे. आणि तराईच्या रानात, दाणागोटा संपत आलेला असताना, ते अजून एका राज्यकर्त्याने दुसऱ्याशी बोलावे तसे बोलतात. हा माणूस गुपचूप संन्यासी होऊन पन्नास वर्षे मूग गिळून बसेल, असे निदान या कागदावरून तरी वाटत नाही.

त्यानंतर पावसाळा आला. या पावसाळ्याकडे तर्क लढवणाऱ्यांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा उलगडा तिथेच आहे. तराईत उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत ‘औल’ नावाचा ताप असे. आज आपण त्याला मलेरिया म्हणतो. तिथल्या थारू लोकांना तो बराचसा पचलेला असे, पण बाहेरचा माणूस त्या महिन्यांत तराईत थांबत नसे. डोंगरातला पहाडीही खाली उतरायचे टाळी. पेशव्यांच्या घराला मात्र दोन्ही वाटा बंद होत्या. खाली हद्दीवर इंग्रजांची ठाणी होती आणि वर पहाडात नेपाळचे पंतप्रधान जंग बहादुर फौजेला येऊ देत नव्हते. हजारो माणसे त्या पट्ट्यात अडकली. तापाने आणि उपासमारीने ती पटापट मेली. बाळाराव तापाने गेल्याची बातमी आली. पाठोपाठ सप्टेंबर १८५९ मध्ये, देवखुरीच्या रानात, नानासाहेबही त्याच तापाने गेल्याची बातमी आली.

ही बातमी काठमांडूचे इंग्रज रेसिडेंट रॅम्से यांच्यापर्यंत नेपाळ दरबाराकडून पोचली आणि शंकेला जागा मिळाली. प्रेत कोणा इंग्रजाने पाहिले नाही. दहन झाले असेल, तर दाखवायला काही उरलेही नसणार. शिवाय जंग बहादुरांना ही बातमी सोयीची होती. पेशव्याला, त्यातून ब्राह्मणाला, फासावर द्यायचे म्हणजे पाप आणि बदनामी. ठेवून घ्यायचे म्हणजे इंग्रजांशी वाकडे. मेला म्हटले की दोन्ही प्रश्न मिटले. तेव्हा इंग्रजांनी संशय घेतला यात त्यांचे काही चुकले नाही. पण सोयीची बातमी खोटीच असते असेही नाही. त्याच थंडीत जंग बहादुरांनी बरेलीच्या खान बहादुर खानाला धरून दिले आणि १८६० मध्ये त्याला फाशी झाली. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब वेष पालटून जम्मूकडे राहिले होते. तेही फितुरीने सापडले आणि २० ऑगस्ट १८६२ रोजी फाशी गेले. १ लाखाचे इनाम ज्याच्या डोक्यावर, तो मात्र कोणालाच सापडला नाही. एवढ्या पैशाला त्या काळी घरचा माणूसही फुटला असता.

या प्रकरणात जोडप्यापैकी एकाचाच माग संपतो. नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई आणि बाजीरावांच्या विधवा पुढे काठमांडूत थापाथळीला राहिल्या. जंग बहादुरांनी त्यांना आसरा दिला. पेशव्यांचा नामांकित नौलखा हारही जंग बहादुरांकडेच गेला. नवरा जिवंत असता आणि हाताशी पैसा हवा असता, तर घराण्याचा असा दागिना परक्या दरबारात जाऊ दिला असता का? हा पुरावा नव्हे, पण कलते माप कुठे आहे ते त्यावरून कळते.

तिसरा ढीग तोतयांचा. १८६३ मध्ये अजमेरला एकाला नानासाहेब म्हणून पकडले. तो निघाला दुसराच. १८७४ मध्ये खुद्द जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एक माणूस इंग्रजांच्या हवाली केला. त्याने आधी आपणच नाना असे सांगितले, मग ते फिरवले. ओळख पटवायला कानपूरच्या सतीचौरा घाटावरच्या कत्तलीतून वाचलेले मोब्रे थॉमसन आणि नानासाहेबांना प्रत्यक्ष ओळखणारे कानपूरचे डॉक्टर ट्रेसिडर यांना विचारले गेले. दोघांनीही हा तो नव्हे, असे सांगितले. पुढे १८९५ च्या सुमारास काठेवाडकडच्या एका स्टेशनावर एका तरुण अधिकाऱ्याने म्हाताऱ्या बैराग्याला नाना समजून धरले आणि वरून तारेने सुटकेचा हुकूम आला, अशी कथा पर्सिव्हल लँडनने १९०६ च्या पुस्तकात दिली. सिहोरच्या एका साधूविषयी आणि नैमिषारण्यातल्या एका बैराग्याविषयीही तसेच दावे झाले. गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात बेलसऱ्यांनी नैमिषारण्यातल्या भेटीची हकीकत दिली आहे. भक्ताच्या श्रद्धेला माझा हात लागणार नाही. फक्त ती हकीकत समकालीन कागद म्हणून चालत नाही. झूल व्हर्नने तर १८८० च्या कादंबरीत नानासाहेबांना औरंगाबाद आणि वेरुळाच्या लेण्यांत आणून सोडले, आणि त्यांच्या शोधाची जाहिरातही औरंगाबादेतच लावली.

मराठी माणसाला हे नवे नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या प्रेताविषयी शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलेच नाही. सुखनिधान नावाचा तोतया उभा राहिला, भल्याभल्यांनी त्याला मानले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याचा शेवट झाला. ज्याचे प्रेत शत्रूने पाहिले नाही, तो मेला असे लोक मानत नाहीत. त्यात भाबडेपणा कमी आणि प्रेम जास्त असते. नानासाहेब इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, ही गोष्ट लोकांना हवी होती. पण ती तशीही खरीच आहे. त्यासाठी त्यांना पुढे पन्नास वर्षे जगवण्याची गरज नाही.

माझा निवाडा असा. एप्रिल १८५९ नंतर नानासाहेबांच्या हातचा विश्वासार्ह कागद नाही. सप्टेंबर १८५९ ची बातमी त्या काळची आहे, त्या जागेची आहे आणि तिथल्या पावसाळ्याशी जुळणारी आहे. नंतरच्या सगळ्या कथा उशिराच्या आहेत, दूरच्या आहेत आणि एकमेकींना छेद देणाऱ्या आहेत. नानासाहेब पस्तिसाव्या वर्षी तराईत तापाने गेले, हेच मानणे भाग आहे.

हे बदलू शकते, पण नव्या तर्काने नव्हे, कागदानेच. तात्यांच्या त्या फेरीच्या वेळची, ब्रह्मावर्ताहून आलेल्या एखाद्या कारकुनाची किंवा आश्रिताची पत्रे खानदेशातल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या रुमालात, असू शकतील. सावदा, फैजपूर, रावेर, यावल इथल्या ज्या घरांत मोडीचे दफ्तर असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ते दाखवावे, आणि मूळ द्यायचे नसेल तर निदान त्याची नक्कल तरी करू द्यावी.