सीबीडीची उसनी वंशावळ
१८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी संधिवात आणि धनुर्वाताच्या रुग्णांना गांजाचा अर्क दिल्याचे नोंदवले. १८९० मध्ये लंडनच्या रसेल रेनॉल्ड्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नसांच्या दुखण्यावर त्याची शिफारस केली. गांजातल्या सीबीडी या घटकाचे तेल विकणारे आज हाच इतिहास पुढे करतात, पण तो त्यांचा नव्हे. तो अर्क अख्ख्या गांजाचा, नशा आणणाऱ्या टीएचसीसकट; सीबीडी वेगळे काढले गेले ते थेट १९४० साली. त्या अर्कात सीबीडीही असेलच की, असे कोणी म्हणेल. असेल, पण गुण त्याचा की टीएचसीचा, हे तेव्हा ठरवणार कसे? शिवाय अर्काची ताकद बाटलीगणिक बदले, म्हणून रेनॉल्ड्सही अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करायला सांगत.