मानेतील धमनी आणि फ्रॅमिंगहॅमच्या नोंदी

श्वासनलिकेच्या एका बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा. ठोके लागतात ती कॅरोटिड धमनी. तिच्या आतल्या भिंतीत मेद साचून जो थर बनतो, तो प्लाक. हा थर वर्षानुवर्षे वाढतो आणि दुखत मात्र नाही. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये मानेतल्या या अडथळ्याचा पक्षाघाताशी असलेला संबंध ठळकपणे मांडला. पण थर कोणाच्या धमनीत साचणार, हे आधीच कसे ओळखायचे?

याचे उत्तर हृदयविकारासाठी सुरू झालेल्या एका अभ्यासातून आले. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट अशा सगळ्या नोंदी माणूस आजारी पडण्याआधीच्या. वयाबरोबर रक्तदाब वाढणारच, असे अनेक डॉक्टर मानत असत, तो हा काळ.

नोंदी साठल्या, पण गणित अडले. सात घटक घ्या, प्रत्येकाचे तीन स्तर करा. कोष्टकात ३चा सातवा घात, म्हणजे २,१८७ रकाने होतात. पाच हजार माणसे त्यांत वाटली तर एका रकान्यात सरासरी दोन-अडीच! त्यावरून जोखीम कशी काढणार? १९६७ मध्ये ट्रुएट, कॉर्नफील्ड आणि कॅनेल यांनी कोष्टक बाजूला ठेवले आणि सर्व घटक एकाच लॉजिस्टिक सूत्रात बसवले. मशीन लर्निंगच्या तासाला आपण गिरवतो तेच हे सूत्र. (ते संगणकवाल्यांनी शोधले, असे माझे विद्यार्थी दरवर्षी ठामपणे सांगतात.)

पुढे अल्ट्रासाउंड आले. धमनीच्या भिंतीची जाडी त्याने मोजता येते, हे इटलीतील पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. मग फ्रॅमिंगहॅमच्या म्हाताऱ्या झालेल्या मंडळींच्या माना तपासल्या गेल्या आणि त्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या. १९९७ चा निष्कर्ष असा, की धमनी अरुंद होण्याशी एखाद्या दिवसाच्या रक्तदाबापेक्षा अनेक वर्षांच्या मोजमापांचे नाते अधिक घट्ट आहे. विशीतल्या वाचकांनो, तुमची बेरीज सुरू झालेली आहे.

एक अडचण मात्र तुमच्या-माझ्याशी थेट संबंधित आहे. त्या गावातले जवळजवळ सगळे लोक गोरे होते. त्यांच्यावरून काढलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांची जोखीम कमी दाखवतात, असे ब्रिटनमध्ये आढळले. तिथे २००८ मध्ये आलेल्या क्यूरिस्क-२ या हृदयविकार व पक्षाघाताच्या सूत्रात म्हणूनच वंशाचा रकाना आहे, आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत.