मांगरातली अडगळ आणि तिची नावं

उन्हाळ्याच्या सुट्टीत अखेर मांगर आवरायला घेतला. अब्बा गेल्यापासून बागेच्या कडेची ती खोपी कुणी नीट उघडली नव्हती. पावसाआधी कौलं चाळायची होती, त्यामुळे सामान बाहेर काढणं भागच होतं.

कुदळ, पहार, खुरपी, दोन कोयते, आंबे काढायचा झेला, कुसलेलं इरलं, तीन घमेली, पत्र्याचं पिंप, बादल्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या. ठेवायचं एकीकडे, भंगाराचं दुसरीकडे. मदतीला पुतण्या होता, आठवीतला. मध्येच त्याने विचारलं, "चाचा, वर्गातला एक जण म्हणाला, तुम्हा लोकांचे शब्द बाहेरून आलेत. खरं का?"

माझ्या हातात घमेलं होतं. म्हटलं, "हे धर आधी. हेसुद्धा बाहेरूनच आलंय."

मग त्या ढिगाची आम्ही नव्याने वाटणी केली. कुदळ, खुरपं, कुऱ्हाड ही कुद्दाल, क्षुरप्र, कुठार यांची लेकरं. घमेलं, पिंप, बादली पोर्तुगीजांकडून आलेली. पण ही अवजारं जिथे चालतात ती जमीन फारसी, बाग फारसी, हंगाम फारसी. हौद अरबी. बागाईत, जिराईत, महसूल, वसूल हे सगळे फारसी-अरबीच. मशागत तर मला फार आवडतो. अरबी मशक्कत म्हणजे कष्ट, हाल. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. मराठी शेतकऱ्याने तो शब्द उचलून थेट मातीत घातला.

हे आणलं कुणी? 1347 मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं, दरबारी फारसी आली, एवढंच सांगून आपण थांबतो. पण गावात दप्तर होतं कुलकर्ण्यांच्या आणि देशपांड्यांच्या हाती, आणि ते मराठीत, मोडी लिपीत लिहीत. हे शब्द मराठीत रुजवण्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. मुसलमानांनी ते कुणाच्या घशात कोंबले नाहीत.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारी फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. नव्या सिंहासनाला स्वतःची भाषा हवी, हे मला समजतं. तरी पुढच्या शतकात मराठी राज्याचा कारभार पाहणारा पेशवाच राहिला, आणि पेशवा हा शब्द फारसी. आमच्या रत्नागिरीत 1924 ते 1937 सावरकर स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांचा दिनांक मी रोज फळ्यावर लिहितो, घरी मात्र तारीखच विचारतो. त्याच काळात, 1925 मध्ये, माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, फारसी-मराठी कोश छापला. ते फारसीचे प्राध्यापक होते. पुढे तेही शुद्धीच्या बाजूला झुकले, हे सांगितलं नाही तर गोष्ट अर्धीच राहील.

पुतण्याला एवढं सगळं ऐकवलं नाही. तो कंटाळला असता. त्याला बाहेरचं झाड दाखवलं. हापूस हे नाव अल्फान्सो या पोर्तुगीज नावावरून आलं. कलम अरबी, मूळ अर्थ बोरू, लेखणी. बोरूसारखीच फांदी तासायची म्हणून तोच शब्द झाडालाही लागला असावा. भेट कलम करताना रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना घट्ट बांधतात आणि जीव धरेपर्यंत वाट पाहतात. भेट हा शब्द आपला. "मग हापूसची भेट कलमं कुणाची?" मी विचारलं. तो म्हणाला, "आपली. दादांनी लावलेली."

शेवटी एक बिस्किटाचा डबा निघाला. आत सुतळी, गंजलेला चाकू आणि अब्बांची वही. पहिल्या पानावर 786, खाली मराठीत: भेट कलमं 40, कोय कलमं 25, शेणखत दोन गाड्या, गड्यांची मजुरी बाकी. मजुरी फारसी, बाकी अरबी, हे पुतण्यानेच ओळखायला घेतलं, गाडीपाशी अडला.

वही त्याला शाळेत न्यायची होती. म्हटलं, आधी झेरॉक्स काढू. भंगारवाला आला तोवर ऊन चढलं होतं. पिंप गेलं, दोन बादल्या गेल्या. भोक पडलेलं घमेलं पुतण्याने परत आत नेऊन ठेवलं.