जेवणाऐवजी प्रोटीन शेक : वजन कमी करताना कोणी घ्यावा, कोणी टाळावा

"डॉक्टर, रात्रीचं जेवण बंद केलंय, त्याऐवजी शेक घेतोय. चालेल ना?" सातारा-सांगली भागातल्या दवाखान्यांत हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. त्याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. तुमच्या डब्यात काय आहे आणि तुमच्या औषधांच्या पाकिटात काय आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तीच सहसा विचारली जात नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या पाहत नाहीत. दोन भाकरी, आमटी आणि थोडा भात यांतून साधारण १०० ग्रॅम किंवा जास्त कर्बोदके मिळतात. पाण्यात कालवलेल्या एका चमचा (स्कूप) प्रोटीन पावडरमधून जेमतेम ३ ते ५ ग्रॅम. गोळी तीच आणि जेवण गायब, असे झाले की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. इन्सुलिनच्या बाबतीतही हेच.

लक्षणे अशी : दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक, चिडचिड. वयस्कर माणसांत घाम-थरथर न दिसता नुसते असंबद्ध बोलणे किंवा गुंगी दिसते आणि घरच्यांना वाटते अर्धांगाचा झटका आला. रात्रीचे जेवण शेकवर नेले तर हे झोपेत घडते, म्हणून धोका जास्त.

अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. ती अजून कमी असेल तर परत द्या. शेक देऊ नका, तो साखर लवकर वाढवत नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी सोबत असेल तर साध्या साखरेऐवजी ग्लुकोजच द्या, कारण या गोळ्या साखरेचे पचन लांबवतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि शुद्धीवर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. या गोळ्यांचा परिणाम कित्येक तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्या चालू असताना कर्बोदके एकदम फार कमी केली तर रक्तात किटोन वाढू शकतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, दम लागणे अशी लक्षणे दिसली तर ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर उतरण्याचा धोका कमी असतो.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन घटू लागले की उठताना चक्कर येऊ शकते. यांतले कुठलेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. शेक सुरू करण्याआधी डोस बदलून घ्या.

प्रोटीन पावडर म्हणजे जेवण नव्हे

दुकानात शेजारी ठेवलेले दोन डबे सारखे दिसतात. एक साधी व्हे प्रोटीन पावडर : एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी आणि २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, बाकी फारसे काही नाही. दुसरा जेवणाला पर्याय म्हणून बनवलेला : एका वेळेला साधारण २०० ते ४०० कॅलरी, प्रथिनांसोबत कर्बोदके, स्निग्धांश, जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम मोजून घातलेले. जेवणाऐवजी घ्यायचाच असेल तर दुसरा. पहिला डबा जेवणाची जागा घेण्यासाठी बनलेलाच नाही.

उलटी चूकही होते. पावडर, २५० मिली म्हशीचे दूध, एक केळे, दोन चमचे मध, वर चार बदाम. हा ग्लास सहज ५५० कॅलरींवर जातो. मग महिनाभर 'फक्त शेक' घेऊनही काटा हलत नाही.

खाशाबा जाधवांपासून मारुती मानेंपर्यंतचा हा पैलवानांचा मुलूख. ताकदीचे पेय पिण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण तालमीतला पैलवान थंडाई जेवणाऐवजी पीत नसे, जेवणावर पीत असे, आणि शेकड्यांनी जोर-बैठका मारत असे. त्याचा हेतू वजन वाढवण्याचा होता.

याने वजन खरेच कमी होते का?

नीट केले तर होते. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना ३ ते ५ महिने फक्त रोज साधारण ८५० कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवले, मग हळूहळू जेवण सुरू केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. हा आकडा दाखवून डबे विकले जातात. पण त्या रुग्णांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती, पुढे नियमित तपासण्या होत्या, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते. जेवणाकडे परत कसे यायचे हेही शिकवले होते. एरवी शेक बंद केल्यावर वजन परत येते, कारण खाण्याची सवय तीच राहिलेली असते.

घरच्या ताटाचा हिशोब

साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, चाळीस ग्रॅम मुगाची उसळ एक चमचा तेलात, वाटीभर दही. एवढ्यात सुमारे ४७५ कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय चोथा, जो शेकमध्ये नसतो किंवा नावापुरता असतो. मुगाऐवजी कोरेगावचा वाघ्या घेवडा चालेल. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या म्हणजे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. निरोगी माणसाची रोजची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. वजन घटवताना स्नायू टिकावेत म्हणून थोडी जास्त लागतात, पण तीही ताटातून भागतात. माझे मत विचाराल तर आपल्या ताटात भाकरी-भात जास्त आणि उसळ चव लावण्यापुरती, हा खरा बिघाड आहे. तो डब्याने सुटत नाही.

तरी शेक उपयोगी पडतो अशी माणसे आहेत. पाळीच्या नोकरीत रात्री वडापाववर भागवणारे, दात नसलेले, वजनाच्या इंजेक्शनमुळे भूकच मेलेले. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत पाळणाऱ्यांनी मात्र त्यांतले एक जेवण शेकवर नेऊ नये. मग दिवसाचे अन्न फारच कमी पडते.

कोणी घेऊ नये

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. त्यांची प्रथिने मोजून ठरवावी लागतात, आणि मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंड बिघडल्याचे बरेचदा तपासणीशिवाय कळत नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालील मुले, यकृताचे रुग्ण यांनीही टाळावे. पित्ताशयात खडे असतील तर झपाट्याने वजन उतरवल्यास त्रास वाढू शकतो. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर कॅल्शियम, लोह किंवा सोया असलेला शेक निदान चार तासांनी घ्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

डबा कुठून घेता?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी पाहिल्या गेल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला. एफएसएसएआय परवाना क्रमांक, मुदत आणि साखरेचे प्रमाण पाहूनच घ्या.

गल्लोगल्ली सकाळी मोफत वजन करून शेक पाजणारी केंद्रे निघाली आहेत. तिथे चालायला लावतात, मैत्रिणी भेटतात, हा भाग चांगलाच आहे. पण तिथला सल्लागार बहुतेकदा विक्रेता असतो. शेकसोबत 'हर्बल' गोळ्या किंवा चहा पावडर दिली तर घेऊ नका. अशा काही उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर सगळे थांबवून लगेच दाखवा, आणि येताना डबा सोबत आणा.

सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, यकृताच्या तपासण्या, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्या. एकच जेवण बदला, सोबत काकडी, टोमॅटो किंवा पालेभाजी ठेवा. मधुमेही असाल तर पहिले दोन आठवडे शेकच्या आधी, झोपताना आणि पहाटे साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही घेऊन दवाखान्यात या.